पट्टा एक की दोन?

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण लिहायची वेळ आली की माझे ऱ्हस्व-दीर्घ एकमेकांच्या जागा पकडतात. दरवर्षी मी अंकाच्या इंग्रजी विभागात लिहिते आणि मराठी विभागाच्या दारावरून मान खाली घालून जाते. यंदा मात्र ही गोष्ट मराठीतच सांगायला हवी, कारण ती ज्यांची आहे त्यांना मी ती वाचून दाखवणार आहे. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

तर मंडळी, आपल्या होस्टेलच्या मेसला लागून एक खोली आहे. सीनियर तिला 'म्युझियम' म्हणतात. टीव्ही रूममधला भिंतीवरचा एलईडी आला, तेव्हा जुनं सगळं सामान तिथे गेलं: २१ इंची डबा टीव्ही, त्याच्यावर व्हीसीआर, व्हीसीआरवर डीव्हीडी प्लेअर आणि बाजूला गॅदरिंगमधून निवृत्त झालेला एक अ‍ॅम्प्लिफायर. टीव्हीचा स्वतःचा स्पीकर केव्हाच गेलाय, म्हणून आवाज त्या अ‍ॅम्प्लिफायरमधून. हे सगळं कुठल्या बॅचने एकमेकांना जोडून ठेवलं देव जाणे, पण मागे वायरींचा असा गुंता आहे की तिथे झुरळसुद्धा नकाशा घेऊन जात असेल.

एका रविवारी दुपारी मेसच्या मावशी आमच्या रूमवर आल्या. मेस सोडून त्या कधी वर येत नाहीत, त्यामुळे आम्ही तिघी दचकलोच. वाटलं, खोलीतल्या इंडक्शन शेगडीची बातमी फुटली! पण मावशींच्या हातात एक जुनी साडी होती आणि साडीच्या घडीत एक डीव्हीडी.

"पोरी, तू त्ये टीव्हीचंच शिकतीस न्हवं?" मला म्हणाल्या.

ई अँड टीसीचं इतकं सोपं वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं. मी मान डोलावली.

डीव्हीडी त्यांच्या मुलीच्या लग्नाची होती, २००९ सालची. मावशींचं गाव पाटण तालुक्यात. हळदीच्या दिवशी त्यांच्या आईने जात्यावर बसून ओव्या म्हटल्या होत्या आणि शूटिंगवाल्याने त्या घेतल्या होत्या. आई २०११ मध्ये गेली. आता येत्या मे महिन्यात पुतण्याचं लग्न, आणि घरातल्या बायकांना त्याच ओव्या म्हणायच्या होत्या, पण त्या कुणालाच पुऱ्या येत नव्हत्या. मावशींचा घरचा प्लेअर भंगारवाल्याकडे जाऊन जमाना झाला. आम्हा तिघींच्या एकाही लॅपटॉपला डिस्क घालायची जागा नाही. राहता राहिलं म्युझियम.

आम्ही तिघी खाली गेलो. मी, माझी मेकॅनिकलची रूम पार्टनर आणि सिव्हिलची दुसरी. मावशी दाराशी पदर खोचून उभ्या. डिस्क आत गेली, मंडप दिसला, हळदीची ताटं दिसली... आणि पडद्यावर खालून एक आडवा, धुरकट, चार बोटं रुंद पट्टा वर सरकायला लागला. वर पोचला की पुन्हा खालून हजर. पट्टा ज्याच्या तोंडावरून जाई, ते तोंड वाकडं होई आणि रंग उडे. नवरीचं नाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. स्पीकरमधून सारखं 'घूंऽऽ' चाललेलं. ते आम्ही पंख्याच्या खात्यावर टाकलं.

मावशींची आई पडद्यावर आली. जात्याचा खुंटा धरून बसलेली, नाकात नथ, डोळे मिटलेले. पट्टा तिच्यावरून चालला होता. मावशींनी बघणं सोडलं आणि नुसतं ऐकायला लागल्या.

आता आमचं इंजिनिअरिंग सुरू झालं. मेकॅनिकल म्हणाली, टीव्हीचं मागचं झाकण उघडू. नशीब, स्क्रूड्रायव्हर मिळाला नाही (का नशीब, ते पुढे येईल). सिव्हिल म्हणाली, लेन्सवर धूळ असेल. लेन्स पुसली, पट्टा तसाच. मग मला एकदम शास्त्रीय कल्पना सुचली: दुसरी डिस्क लावून बघायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून प्रत्येक प्रॅक्टिकलला सांगतात. लायब्ररीतून आणलेली एका इंग्रजी सिनेमाची डीव्हीडी रूमवर पडून होती. ती लावली.

तिच्यात भलतंच! चित्र आपोआप उजळायचं, मग अंधारायचं, परत उजळायचं. जणू कुणी तरी दिव्याचा रेग्युलेटर फिरवत बसलंय. मी पट्टा शोधलासुद्धा नाही. मनात एक सुंदर तर्क तयार झाला. डिस्क बदलली तर बिघाड बदलला, म्हणजे बिघाड डिस्कमध्येच आहे. इतका सुबक तर्क, की ओरलला एक्स्टर्नलसुद्धा पुढचा प्रश्न विचारणार नाही.

"मावशी, डिस्क खराब झालीय," मी सांगितलं. वर आणखी हेही, की या घरगुती डिस्कवर रंगाचा थर असतो, तो वर्षांनी उडतो. हे खरं आहे, पण त्याचा त्या पट्ट्याशी काडीचा संबंध नव्हता. खरी माहिती चुकीच्या जागी वापरली की किती अधिकाराने बोलता येतं, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढचं सांगायला लाज वाटते. कुणाच्या तरी दादाने कधी तरी टूथपेस्टने सीडी साफ केली होती, हे सिव्हिलला आठवलं. टूथपेस्ट माझी होती आणि हातही माझाच. बोटावर घेऊन मी ती त्या डिस्कवर गोल गोल घासली. चांगली मनापासून घासली. धुऊन, पुसून परत लावली. पट्टा जागच्या जागी. "बघा, गेलीच आहे ती," मी म्हटलं.

"बरं," म्हणाल्या मावशी. डिस्क साडीच्या घडीत ठेवली. "तुमच्या अभ्यासाचा येळ ग्येला." आणि पोळ्या लाटायला निघून गेल्या.

विषय तिथेच संपला असता. पण बुधवारी रात्री आमटी वाढता वाढता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "त्यातला नुसता आवाज तरी काढता येतो का गं?"

मी ताटात बघत राहिले. आवाज येत होता की! घूं सोडली तर ओवी सलग ऐकू येत होती. डिस्क खराब असती तर आवाज असा सलग कसा आला असता?

गुरुवारी लॅबमध्ये आमच्या लॅबच्या काकांना गाठलं. काका डिग्रीवाले नाहीत, आयटीआय झालेले. कॉलेजात लागायच्या आधी एसटी स्टँडसमोर त्यांचं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं. मी सगळी हकिगत सांगितली, टूथपेस्ट वगळून. काकांनी सोल्डरिंग गन खाली ठेवली.

"पट्टा एक होता की दोन?"

मी गप्प.

"मोजला नाही?"

एक असावा. एकच होता. पण छातीठोक सांगता येईना. ज्या गोष्टीकडे मी अर्धा तास टक लावून बघत होते, ती मी मोजली नव्हती.

मग काकांनी तिथेच, हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर जे शिकवलं, ते आमच्या युनिट दोनमध्ये आहे आणि मी त्याचे मार्कही घेतलेत. आपल्याकडच्या डबा टीव्हीत पाल पद्धत: चित्राच्या ६२५ ओळी, सेकंदाला ५० फील्ड. घरातली वीजही ५० हर्ट्झची. वीज बाहेरून व्हिडिओ सिग्नलमध्ये घुसली तर एका फील्डमध्ये तिची एक लाट बसते, म्हणून पडद्यावर एक पट्टा. पण बिघाड टीव्हीच्या सप्लायमध्ये असेल, कॅपॅसिटर सुकला असेल, तर ब्रिज रेक्टिफायरच्या मागे रिपल १०० हर्ट्झचा, म्हणून पट्टे दोन. एवढं नुसतं मोजलं तरी निम्मं घर शोधायचं वाचतं. आणि पट्टा सरकतो का? तर लाइनचे ५० आणि टीव्हीचे ५० तंतोतंत जुळत नाहीत म्हणून. लाइन ५०.१ असेल तर फरक ०.१, म्हणजे पट्ट्याला पडदा चढून जायला दहा सेकंद. दोन्ही अगदी सारखे असते तर तो नवरीच्या नाकावरच मुक्काम करून राहिला असता.

"आणि डिस्क काढल्यावर पडद्यावर काय येतं?"

"प्लेअरचं नाव. निळ्या पडद्यावर."

"त्याच्यावरून पट्टा जात होता?"

काय सांगू! जात होता. डिस्क माझ्या हातात, ट्रे रिकामा, आणि निळ्या पडद्यावरून तो निवांत वर चाललेला. मी बघितलं होतं. डिस्क नसतानाही जो बिघाड दिसतो, तो मी डिस्कच्या माथी मारला होता.

"डिस्कचा बिघाड असा नसतो," काका म्हणाले. "तिच्यावर एक आणि शून्य. वाचता आले तर चित्र स्वच्छ, नाही आले तर चौकोन पडतात, चित्र अडकतं, आवाज तुटतो. असे तरंगणारे पट्टे म्हणजे प्लेअरमधून सिग्नल अ‍ॅनालॉग होऊन बाहेर पडल्यानंतरची भानगड. वायरीत बघ."

शुक्रवारी रेक्टर मॅडमची परवानगी काढून काका म्युझियममध्ये आले. येताना हातात फक्त टेस्टर आणि टॉर्च. आधी आम्हाला सगळे प्लग काढायला लावले. झाकण उघडायचा बेत ऐकल्यावर मेकॅनिकलला असं झापलं की विचारू नका. पिक्चर ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि टीव्ही बंद केल्यावरही ते तिथे राहू शकतात. शिकलेल्या माणसानेसुद्धा उगाच हात घालू नये अशी जागा.

मग टॉर्च घेऊन टीव्हीच्या मागे. अँटेनाच्या भोकात एक जाड काळी वायर होती. केबलची. त्या वायरीतून चॅनेल यायचे बंद होऊन कित्येक वर्षं झाली, पण तिचं एक टोक टीव्हीत आणि दुसरं गच्चीवरच्या गंजक्या पेटीत, लोखंडी पाइपाला टेकलेलं. इकडे अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग तीन पिनचा, म्हणजे त्याला खोलीतलं अर्थिंग. जमीन एकच, पण पोचायचे रस्ते दोन, आणि दोन्ही ठिकाणचं व्होल्टेज अगदी सारखं कधीच नसतं. तो फरक आपल्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींच्या जाळीतून वाहत होता आणि जाताना चित्रात पट्टा, आवाजात घूं सोडून जात होता. ग्राउंड लूप! परीक्षेत मी त्याची आकृती पेन्सिलने, पट्टी लावून काढलेली आहे.

काकांनी केबलची वायर उपसली. प्लग लावायला सांगितले. टीव्ही लावला.

निळा पडदा. नुसता निळा. आम्ही दहा सेकंद थांबलो, वीस सेकंद थांबलो. पट्टा नाही, आणि पंखा फिरत असूनही घूं नाही. बिचाऱ्या पंख्यावर आळ उगाच होता.

"मग अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन काढली असती तरी चाललं असतं ना?" सिव्हिलने विचारलं. काकांनी तिच्याकडे असं बघितलं की ती दोन पावलं मागे सरकली. "लूप तोडायचा. अर्थ तोडायचा नाही. ती पिन जिवासाठी असते."

मग तो सिनेमाचा उजेड-अंधार कसला? तो वेगळाच आजार निघाला. टीव्हीला मागे एकच व्हिडिओचं भोक, आणि त्यात व्हीसीआर. म्हणून डीव्हीडीची वायर व्हीसीआरमध्ये आणि तिथून टीव्हीत, अशी वरात होती. कंपन्यांच्या सिनेमांवर कॉपी होऊ नये म्हणून मॅक्रोव्हिजन नावाची युक्ती असते. डिस्कवर नुसती खूण, ती दिसली की प्लेअर चित्राच्या न दिसणाऱ्या ओळींमध्ये मुद्दाम उंच पल्स सोडतो. टीव्हीला त्याचं काही वाटत नाही. पण व्हीसीआरमध्ये सिग्नलची ताकद आपोआप जुळवून घेणारं सर्किट असतं. ते फसतं, त्याला वाटतं सिग्नल फार जोरात आलाय, आणि ते सगळं चित्र मंद करतं. पल्स बदलल्या की परत उजेड. म्हणजे व्हीसीआर मध्ये असताना सिनेमा तसाच दिसायला हवा! लग्नाच्या शूटिंगवाल्याने कसली खूण टाकायला, म्हणून मावशींची डिस्क त्यातून सुटली. काकांनी व्हीसीआर मधून काढला आणि प्लेअर सरळ टीव्हीला जोडला. सिनेमा स्वच्छ.

"दोन पेशंट, दोन आजार, आणि तू मिळून एकच सर्टिफिकेट दिलंस," काका म्हणाले. मी हसले, पण फार नाही. कारण मला टूथपेस्ट आठवत होती.

मावशींना बोलावलं. मेसच्या आणखी दोघी आल्या, पिठाच्या हातांनी. डिस्क लावली. मंडप, ताटं, हळद. नवरीचं नाक जागेवर. मग जातं, आणि मावशींची आई. तिने पहिली ओवी म्हटली, मागच्या बायकांनी ती परत म्हटली. दुसरी म्हटली. तिसरीच्या मध्यावर तिने डोळे उघडून कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि पडद्यावर चौकोन पडले. हिरवे, जांभळे चौकोन. आवाज तुटला. दोन, फार तर तीन सेकंद. मग सगळं पूर्ववत.

रविवारी त्या जागी चौकोन नव्हते. रविवारी पट्टा होता, पण तिचे उघडे डोळे मी पट्ट्यामागून बघितले होते.

काकांनी डिस्क काढून ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. गोल गोल रेघा. "कुणी घासली?"

मी सांगितलं.

ते रागावले नाहीत. डिस्कवरची माहिती आतून बाहेर जाणाऱ्या गोल वळणांवर असते, एवढंच सांगितलं. पुसायची झाली तर मऊ कापडाने मधून कडेकडे, सरळ. रेघ आडवी गेली तर प्रत्येक वळणावरचं थोडंथोडंच जातं आणि रीड-सॉलोमन कोड ते भरून काढतो. रेघ वळणाच्या दिशेने गेली तर एका ठिकाणचं सलग जातं आणि कोड हात टेकतो. रीड-सॉलोमनवर मी सेमिनार दिला होता. चोवीस स्लाइड्स.

त्याच संध्याकाळी लॅबमधल्या एका जुन्या पीसीच्या ड्राइव्हवर काकांनी डिस्क उतरवायला लावली. त्या जागेवर ड्राइव्ह घरघरत राहिला, परत परत वाचत राहिला. बाकी सगळं आलं. ते दोन-तीन सेकंद नाही आले.

शनिवारी दुपारी पेन ड्राइव्ह आणि सिव्हिलचा लॅपटॉप घेऊन मी मेसमध्ये गेले. आधी मावशींना सगळं सांगितलं: डिस्क चांगलीच होती, मी उगाच खराब म्हटलं, आणि नंतर मीच ती खराब केली. एका ओवीतला एक शब्द गेला. मावशी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"दाव बघू."

तिसरी ओवी आली. चौकोन आले, शब्द तुटला. आणि लगेच मागच्या बायकांनी ती ओवी परत म्हटली, पूर्ण, त्या शब्दासकट.

"ह्यो बघ की हितं," मावशी म्हणाल्या.

एकच गोष्ट दोनदा पाठवायची, म्हणजे एकदा गेली तरी दुसऱ्यांदा सापडते. कोडिंग थिअरीच्या पुस्तकात रिपिटिशन कोड पहिल्याच धड्यात असतो, इतका सोपा की परीक्षेत कुणी विचारत नाही. ते उघडे डोळे मात्र दोनदा नव्हते. मावशींनी ती जागा तीन वेळा मागे घेऊन बघितली. मग म्हणाल्या, "टूथपेस्ट कंची व्हती?" मी नाव सांगितलं. "लई कडक आसतीया ती. दातालाबी लावू नगंस."

ओव्या लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं. पुतण्याच्या होणाऱ्या बायकोपर्यंत कागद पोचायला हवा होता. सिव्हिल लॅपटॉप थांबवायची, मावशी एकेक ओवी सावकाश सांगायच्या, मी फुलस्केपवर लिहायचे. अर्धे शब्द मी आयुष्यात ऐकले नव्हते. मावशींना वाचता येत नाही, पण मी लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं की त्यांना बरोबर कळायचं. चौथ्या ओवीला त्यांनी मला थांबवलं.

"ल न्हवं. ळ. जीब वळव जरा."

मी खोडून परत लिहिलं.